भीमासाठी सोडलेली वाट

खिळा टण्णकन फरशीवर पडला आणि टीव्हीमागची भिंत रिकामी झाली. सासऱ्यांनी नोकरीत असताना सुरगाण्याकडच्या एका पाड्यावरून आणलेला भीमाचा लाकडी मुखवटा परत जाणार होता. हेमांगीनेच त्या पाड्यावर निरोप धाडून म्हाताऱ्या बहिरूबाबांना शहरात, इंदिरानगरच्या घरी बोलावलं होतं. तिने मुखवटा पिशवीत घातला. "देव पिशवीत नाय जात, बाई." म्हाताऱ्याने मुखवटा मांडीवर घेतला, टोपीने त्याचे गाल पुसले. "लय वाळलास रं. माझा बा तुला तोंडाला बांधून बोहाड्यात, देवांच्या सोंगांच्या जत्रेत, नाचायचा. अजून तुझी पाळी आली की तुझं नाव पुकारतो आम्ही, संबळ वाजवतो, वाट मोकळी सोडतो. कुणीच येत नाय." हेमांगी पिशवीची घडी करत राहिली. लेकरासारखं भीमाला खांद्यावर घेऊन बहिरूबाबा जिना उतरले. खालून त्यांचा आवाज आला, "चल, घरला जाऊ." कठड्यावरून वाकलेली छोटी रोशनी मागे वळली. "आई, आपल्या आजोबांनी आणताना त्यांना विचारलं नव्हतं?"