सेव्ह केलेलं नाव

रविवारी दिपेश आंघोळीला शिरला की अर्धा तास बाहेर येत नाही आणि त्याचा फोन केतनच्या हातात असतो. नवऱ्याची ही सवय उत्तराला पाठ होती. तरी तिचं बोट बटणावर टेकेना.

"घाबरतेस काय? सिम माझ्या नावावर आहे ना," शेजारची नंदा लाटणं न थांबवता म्हणाली. "दिसलंच तर माझं नाव दिसेल. पोराचा आवाज ऐक नि कट कर."

आज केतनचा वाढदिवस. पोर तिकडे बापाजवळ राहिलेलं, आणि ही इथे मानपाड्याला पोळ्या करून दिवस काढत होती. दिपेशला हा पत्ता कळला तर काय होईल, ते तिच्या मोडून वाकड्या बसलेल्या मनगटाला विचारावं.

तेवढ्यात दारात माधवीताई. "माझ्या पोळ्या झाल्या का हो? आणि तुमचा नंबर आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकलाय हं. हे बघा, 'उत्तराताई पोळीवाल्या, मानपाडा, दत्तमंदिरामागे'. सगळ्यांनी अस्साच सेव्ह केलाय, कुणी चुकायला नको!"

उत्तराला बरं वाटलं. गिऱ्हाइकं वाढली तर वकील करता येईल, पोराला आणता येईल. माधवीताई डबा घेऊन गेल्या आणि त्याच भरात तिने नंबर लावला.

रिंग वाजत राहिली. तिचा सगळा जीव कानात गोळा झाला.

"हॅलो? कोण?" केतनच! तिने ओढणी तोंडावर दाबली.

"पप्पा, आईचं नाव आलंय!" तो ओरडला आणि स्क्रीनवरचं एकेक अक्षर लावून वाचू लागला. "उत्तरा... ताई... पोळी... वाल्या... मानपाडा... दत्त... मंदिरा... मागे!"

दिपेशच्या फोनमधलं, फोन करणाऱ्याचं नाव दाखवणारं ॲप सिम कुणाचं ते बघत नाही, लोकांनी जे सेव्ह केलंय तेच दाखवतं, हे उत्तराला आत्ता कळलं. पण त्याच्याही आधी, क्षणभर, तिला नुसता आनंद झाला. ती घर सोडून निघाली तेव्हा पोराला जोडाक्षरं येत नव्हती.

"अगं, कट कर!" नंदा कुजबुजली. बोट हलेना.

पलीकडे बाथरूमची कडी निघाल्याचा आवाज आला. मग दिपेशचा, अजिबात न चिडलेला.

"शाब्बास बेटा. परत वाच बघू. सावकाश."