एका कार्डाचे बत्तीस दात

"नाव काय सांगशील?" खोलीतल्या हुसैनमियाँनी विचारलं.

"दयानंद."

बाकीचे सातही जण खो खो हसले. त्याला मात्र हसायला तोंड उघडेना, गाल एवढा टम्म सुजलेला. तीन दिवस नुसत्या पेजेवर होता बिचारा.

दोन हजार बाराची गोष्ट, ओमानमधल्या सोहारच्या औद्योगिक वसाहतीतली. काय दिवस होते ते. खोलीत माणसं आठ, शेगडी एक, आणि दातांचा इलाज होईल असं विम्याचं कार्डही एकच. दयानंद जुना क्रेनवाला म्हणून त्याला मिळालेलं. बाकीच्यांना कंपनीकडून नुसती गोळी. मग ज्याचा गाल सुजेल तो त्या दिवसापुरता दयानंद. कार्डावरचा फोटो घामाने कधीच पुसट झालेला. जाणाऱ्याकडून पाठ घोकून घ्यायची रीतच पडली होती.

"गाव वेंगुर्ला, वय बेचाळीस. यल्ला, चल, निघ," हुसैनमियाँ म्हणाले.

दवाखान्यात डॉक्टर श्यामलांनी कार्ड बघितलं. "तुम्हीही वेंगुर्ल्याचे? मी शिरोड्याची. दात कशाने घासायचात?"

"राखुंडीने. आजी भाताचं तूस जाळायची."

"आणि पडलेला दात?"

"कौलावर टाकायचा. मग दिवसभर वर बघत बसायचो, नवा कुठून येतो म्हणून."

"माझेही पडलेत तिथे चारपाच," त्या हसल्या. मग आरशाने तोंड तपासलं, फाइल उघडली आणि बोट फिरवत नोंदी मोजल्या.

"दयानंद, तुमचे बत्तीस दात मी उपटलेत. त्यात अक्कलदाढाच नऊ. आणि तोंडात अजून बत्तीस आहेत."

त्याने मान खाली घातली.

"मला दुसऱ्या दाढेलाच कळलं होतं. गप्प बसले. दुखणं काय कार्ड बघून येतं? पण आता विमावाल्यांनी विचारलंय. या नावावर दातच उरला नाही हो. हात लावला तर तुमचं कार्ड जाईल आणि माझं लायसनही. गोळी देते. दुसऱ्या कुणाचं कार्ड मिळतंय का बघा."

तो गाल धरून उठला.

"आणि ऐका," डॉक्टर हळूच म्हणाल्या, "त्या खऱ्या दयानंदला माझा नमस्कार सांगा. सगळ्यांना कार्ड दिलं, स्वतः एकदाही आलेला दिसत नाही. देव करो, त्याची दाढ कधी न दुखो."

"पहिल्यांदाच दुखतेय, डॉक्टरबाई," दयानंद म्हणाला.