धावतं समालोचन, श्रोता एक

एकदा गेलेला आत्मविश्वास परत येत नाही, हे सत्य नभोवाणीवरच्या निवेदकानं नेत्र रुग्णालयाच्या बाकावर बसल्या बसल्या कायमचं स्वीकारलं होतं. त्याचा स्वतःचा आत्मविश्वास अठरा दिवसांपूर्वी गेला होता. नभोवाणी केंद्राच्या फाटकाचा खांब नेहमीच्या जागी उभा होता, आणि हा गाडी घेऊन त्याच्यावर जाऊन आदळला. गाडीचा एक दिवा फुटला. खांबाला काही झालं नाही. निवेदकाच्या बाजूनं एवढंच म्हणता येईल, की परवाना हातात पडून तेव्हा चारच दिवस झाले होते.

बावन्नाव्या वर्षी त्यानं परवाना काढला तो हौसेपोटी नव्हे. सोमवारपासून पहाटेच्या पहिल्या बातम्या त्याला मिळणार होत्या. सव्वीस वर्षं त्यानं या कामाची वाट पाहिली होती. पण त्या वेळी बस नसते. आणि खांबानंतर गाडी पुन्हा बायकोच चालवत होती. ती मुख्याध्यापिका. शाळा आणि गाडी दोन्ही गेली वीस वर्षं तीच हाकत आली होती. निवेदकाच्या खिशात मात्र घडी घातलेला अर्ज होता: प्रकृतीच्या कारणास्तव पहाटेची जबाबदारी नको. तो उद्या द्यायचा होता.

तपासणीच्या खोलीतून बायको बाहेर आली ती काळा चष्मा लावून, भिंत चाचपत.

"अहो, कुठे आहात? डोळ्यांत औषध घातलंय. तीन तास काही दिसायचं नाही. गाडी तुम्हीच घ्या."

"टॅक्सी करू."

"आणि गाडी? पाचला इथलं फाटक बंद होतं. घ्या किल्ली."

निवेदकानं किल्ली घेतली. आणि मग त्याला सुचलं, की हिला दिसतच नाही. न दिसणाऱ्या माणसांशी बोलण्याचा त्याचा अनुभव दांडगा होता. आयुष्यभर तो तेच करत आला होता, आणि श्रोत्यांनी कधी 'दाखवा पाहू' म्हटलं नव्हतं. त्यानं घसा खाकरला.

"आपण आता मुख्य रस्त्यावर आलो आहोत," तो बातम्यांच्या आवाजात म्हणाला. गाडी अजून रुग्णालयाच्या आवारातच होती.

"बरं," बायको म्हणाली.

पुढे एक माणूस शिडी खांद्यावर घेऊन सायकलवरून त्यांच्या पुढे निघून गेला. जाताना त्यानं मागे वळून पाहिलं. "आपण एका सायकलस्वाराला मागे टाकत आहोत," निवेदकानं सांगितलं. चौकात दिवा हिरवा होता. पण चौक रुंद होता, म्हणून तो थांबला.

"का थांबलात?"

"दिवा लाल आहे."

"मग मागचे का कोकलतायत?"

"लोकांना धीरच राहिलेला नाही."

"खरंय बाई," असं म्हणून तिनं तोंड खिडकीकडे फिरवलं. तिचे खांदे हलत होते.

"डोळे चुरचुरतायत का गं?"

"फार," ती कशीबशी म्हणाली.

पुढच्या वळणावर गल्लीतून एक ट्रक अचानक मागे मागे आला. निवेदकाचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. गाडी हातभर अंतरावर थांबली. त्यानं आरशात पाहिलं, गाडी थोडी मागे घेतली, ट्रकला वाट दिली, आणि पुढे निघाला. नंतर तिसरा गिअर पडला. मग चौथा. चौथा गिअर या गाडीला आहे हे तो जवळजवळ विसरला होता. नभोवाणी केंद्राचं फाटक आलं आणि गेलं. खांबाकडे पाहायचंही राहून गेलं. घराखाली दोन गाड्यांच्या मधल्या जागेत त्यानं एका दमात गाडी लावली.

"पोचलो?" बायकोनं विचारलं.

"पोचलो."

"मग मध्येच निवेदन का बंद पडलं?"

"रस्त्याकडे लक्ष होतं."

ती त्याच्या हातावर हात ठेवून बसली. तो हात तिला न चाचपता कसा सापडला, हे विचारण्याच्या मनःस्थितीत निवेदक नव्हता. वर जाऊन त्यानं अर्ज फाडला, आणि कितीतरी दिवसांनी दुपारी गाढ झोपला.

सोमवारी पहाटे तो एकटा गाडी घेऊन गेला, बातम्या वाचल्या, आणि साडेआठला शीळ घालत घरी आला. बायको शाळेत गेली होती. फोन वाजत होता.

"नेत्र रुग्णालयातून बोलतेय. बाईंना उद्या तपासणीला पाठवाल का? सोबत कुणीतरी गाडी चालवणारं द्या. औषध घातलं की तीन तास नीट दिसत नाही."

"पुन्हा? गुरुवारी घातलं ना?"

"छे हो. गुरुवारी डॉक्टर तातडीच्या ऑपरेशनला गेले होते. त्या दिवशी आम्ही कुणाच्याच डोळ्यांत औषध घातलं नाही."