ताकाचा हबका

"बघ गं, याला म्हणतात लिहिणं!" सासूबाई मोबाइल लांब धरून जाऊबाईंना लेख वाचून दाखवत होत्या. "नाहीतर आमच्याकडे! दिवसभर लॅपटॉपवर टकटक, आणि कुठे नाव दिसेल तर शपथ."

भाकरी थापता थापता माझा हात थांबला. तो लेख माझाच होता. एका शेफबाईंच्या वेबसाइटसाठी मी नुकतीच लिहायला लागले होते. या कामाची रीतच अशी, की लिहायचं मी, छापायचं त्यांच्या नावाने आणि बोलायचं कुणाशीच नाही. लेखावर मोत्याच्या कुड्या घातलेला त्यांचा फोटो, खाली कौतुकाचा पाऊस. ते वाचून माझा रोज जळून कोळसा व्हायचा. त्या बाईंना कारळे आणि काळे तीळ यांतला फरक तरी कळत असेल का?

सासूबाई पुढे वाचू लागल्या, "चटणीसाठी कारळे भाजताना वरून ताकाचा हबका मारा. ही माझ्या आजीची खास पद्धत..."

त्या मध्येच थांबल्या.

"कुठली आजी? ही माझी चटणी! मी शोधलेली! आणि मिरवतेय बघ कोण, कुड्या घालून!"

पहिल्यांदाच आम्ही दोघी एकाच बाईवर जळत होतो. मला इतकं बरं वाटलं, की मी "हो ना!" म्हणणारच होते.

"पण हबक्याचं या घराबाहेर कुणालाच ठाऊक नाही," सासूबाई सावकाश म्हणाल्या. "आणि या घरात टकटक करणारी एकच आहे."