एक मशीन बंद असताना

दोन नंबरचं मशीन रिकामं व्हायला अजून वीस मिनिटं होती आणि इंद्रकुमार सर चौथ्यांदा दारात येऊन उभे राहिले. अंगात नवा कोरा शर्ट. सालेकशाला भाचीचं साक्षगंध, साखरपुड्याला पाहुणे जमलेले, आणि गोंदियाच्या या रुग्णालयाचे व्यवस्थापक म्हणून दुरुस्ती संपेपर्यंत त्यांना जागचं हलता येत नव्हतं.

"अजून होऊनच राहिलं का? कंपनीवाला तर बोलला, दस मिनिट का काम है."

"दहा मिनिटांतही होते सर. पण तसं नाही करायचं," रुग्णालयाचे संगणक सांभाळणारी स्नेहल स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाली.

आतल्या खोलीत चार मशीनं होती, म्हणजे रुग्णालयाचे सर्व्हर. रुग्णालयाची प्रत्येक नोंद त्यांतल्या दोहोंवर ठेवलेली, एक पडलं तर दुसऱ्यावर सापडावी म्हणून. दुरुस्तीसाठी एखादं बंद करायचं तर स्क्रीनवरून कामातून काढून सरळ बंद करता येतं. पण मग त्याच्यावरच्या नोंदींची एकेकच प्रत उरते, आणि नेमकं तेव्हाच दुसरं मशीन पडलं तर डोक्याला हात लावून बसायची वेळ. नाहीतर त्याच्यावरचं सगळं आधी बाकीच्या तिन्हींवर हलवायचं, मग बंद करायचं. याला अडीच तास. चारहींत एकच भाग बदलायचा होता आणि आजचं हे पहिलंच. स्नेहलनं लांबचा रस्ता धरला, इंद्रकुमारांचा पारा चढला. तिचा करार महिनाअखेरीस संपत होता. नव्या करारावर सही त्यांची लागणार, हे ते काही तिला विसरू देत नव्हते.

"कायले एवढी घाबरून राहिली तू? आजपर्यंत एक तरी मशीन पडली का?" ते पाय आपटत बाहेर गेले.

अखेर मशीन रिकामं झाल्याचं स्क्रीनवर आलं आणि स्नेहलनं ते कामातून काढलं. अशा वेळी बसल्या जागेवरून मशीनचा निळा दिवा लावून खात्री करायची असते, की हेच ते. स्नेहल ते कधी चुकवत नसे. पण आज बाहेर इंद्रकुमारांच्या चपला फटफटत होत्या. ती तडक आत गेली, दोनचा आकडा चिकटवलेलं मशीन शोधलं आणि बटण दाबून धरलं. पंख्याचा आवाज थांबला.

बाहेर येऊन तिनं स्क्रीन पाहिली. दोन नंबर चालूच होतं. लाल झालं होतं ते तीन.

"दुलीचंदभाऊ, हे आकडे कोणी चिकटवले?"

शिपाई दुलीचंद फडकं हातात घेऊन पुढं आला. "म्याच चिपकवलो ना मॅडम, दसऱ्याले. पूजेसाठी पुसता पुसता निंगाले होते."

तेवढ्यात फोन वाजला. रक्तपेढीतून रुची. "ताई, स्क्रीनच गेली! सिकलसेलची पोरगी आली आहे, रीना. लई त्रासात आहे. तिची जुनी फाईल उघडतच होती मी. आजच्या तपासणीत पिशवी जुळून राहिली. डॉक्टर म्हणतात, देऊन टाक."

तीन पुन्हा चालू केलं तरी उठायला दहा मिनिटं घेणार. तीन नंबरवर चालणारं काम उरलेली मशीनं आपणहून उचलतात, दोन-तीन मिनिटांत. पण नोंदींची दुसरी प्रत त्यांच्यावर असेल तरच; दोन तर कामातून काढलेलं, त्याच्यावरचं सगळं नीट हललं असेल तर. आणि रीनासारख्या पोरी किती वेळा रक्त घेतात. कधी काय सोसलं नाही ते जुन्या फाईलीतच असतं. नव्या तपासणीत दरवेळी दिसतंच असं नाही.

"पिशवी देऊ नको. तीन मिनिटं थांब."

"अन् नाई आली तर?"

"थांब म्हटलं ना!"

एक मिनिट गेलं. स्क्रीनवरची लाल रेघ तशीच. दुलीचंद काही न समजता हात जोडून उभा होता. दुसरं मिनिट गेलं. स्नेहलनं फोन कानाला इतका घट्ट धरला होता की कान दुखायला लागला. आपण त्या पोरीचा जीव घेतला, एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं.

"आली ताई!" रुची ओरडली. ती वाचत होती. "दोन वर्षांआधी अँटीबॉडी लिहिली आहे. आज दिसूनच नाई राहिली. हे रक्त नाई चालत तिले. दुसरी पिशवी काढते."

स्नेहलनं फोन ठेवला आणि तीन नंबर पुन्हा चालू केलं. निळा दिवा लावून, खरं दोन नंबर शोधून बंद केलं, त्यातला भाग बदलला. तासाभरात चारही दिवे हिरवे झाले.

दुलीचंद जवळ येऊन हळूच म्हणाला, "आपन नाई सांगत कोनाले."

खरंच, कोणाला कळणारही नव्हतं. तीन मिनिटं स्क्रीन गेली होती, इतकंच. ती रोजच कुठं ना कुठं जाते. चूक पोटात घालून मशीनं पुन्हा मुकाट्यानं कामाला लागली होती. तिलाही तसंच करायचा फार मोह झाला.

इंद्रकुमार गाडीची किल्ली फिरवत आले. दिवे पाहून हसले. "पाह्य! झालं का काही? फुकट माझा दिवस घालवला. बाकीच्या तीन उद्या दहा-दहा मिनटांत उरकून टाक. हा माझा आदेश समज. करार घेऊन ये, सही करून देतो."

स्नेहल उभी राहिली. "सर, आज मशीन पडली. मीच चुकीची बंद केली."

किल्ली फिरायची थांबली. "आज? मंग मले काऊन नाई समजलं?"

"कारण दोनवरचं सगळं हलेपर्यंत आपण थांबलो होतो, सर."