चौथा दरवाजा

अपघातातल्या गाडीचे चार नवे दरवाजे गॅरेजमध्ये स्टँडवर लावलेले होते. प्रत्येकावर प्रायमरचा एक आणि रंगाचे दोन हात झाले होते. तिने मीटर लावून थराची जाडी मोजली: एकशे अठरा मायक्रॉन, एकशे वीस, एकशे एकोणीस. चौथ्यावर शून्य.

"अहो, हा परत उघडा पडलाय."

नवरा मास्क सरकवत रंगकामाच्या बूथमधून बाहेर आला. सकाळपासून तीनदा त्याने तो दरवाजा प्रायमरपासून रंगवला होता आणि वाळला की तिन्ही वेळा नुसता पत्रा उरला होता. खाली ना पापुद्रा, ना थेंब.

"पितोय लेकाचा," तो हसला. "माझ्यावर गेलाय."

तिला हसू आलं नाही. पहिल्या खेपेनंतर त्याची बोटं बधिर झाली होती, दुसऱ्या खेपेनंतर मनगट. आता तर त्याला हातातली स्प्रे गन सोडता येईना. तिने एकेक बोट उलगडून ती काढून घेतली. बोटं गार आणि ताठ होती.

"पुरे झालं. आधी डॉक्टरकडे चला."

"एकदाच मारतो. पत्रा तसाच सोडला तर गंज धरेल. तोवर तुझं मीटर तपास, तेच बिघडलं असणार."

मीटर फक्त लोखंडावरचा रंग मोजायचं. लाकडावर, प्लॅस्टिकवर, कातडीवर आकडाच यायचा नाही. तिने ते स्वतःच्या हाताला लावलं. आकडा आला नाही.

मग तिने त्याचं मनगट धरून त्यावर मीटर टेकवलं.

तीनशे सत्तावन्न मायक्रॉन.