बारा नंबर, हॉल्बी रोड

हेटीचे वडील सकाळी, निराधारांना ठेवतात त्या सरकारी गरीबखान्याच्या दवाखान्यात वारले. कारकुनानं मृत्यूचा दाखला देताना आवाज खाली आणला. "गरीबखान्याचं नाव घालत नाही हल्ली आम्ही, बाई. नुसता पत्ता घालतो, बारा नंबर, हॉल्बी रोड. उगाच चारचौघांत मान खाली नको जायला."

तरी लंडनच्या गोदीमागच्या आपल्या गल्लीत शिरताना तिनं दाखला मुठीत घट्ट धरला होता. बाबा माझ्या भावाकडे राहायला गेलेत, असंच तिनं सगळ्यांना सांगितलं होतं. आणि नेमकी शेजारच्या दारात उभी मिसेस टॅपली! आपला नवरा पुतण्याच्या बंगल्यात, पिसांच्या गादीवर वारला, हे तिनं गल्लीला शंभरदा ऐकवलेलं.

हेटीच्या बाहीवरची काळी फीत तिनं लगेच हेरली. "गेले का गं? भावाकडेच ना? बघू तरी, कुठं राहतो हा तुझा भाऊ!" तिनं दाखला हिसकावला आणि शेजारणींना ऐकू जाईल असा मोठ्यानं वाचायला घेतला. पत्त्यापाशी येऊन ती थांबली.

मग कागदाची घडी घालून तिनं तो हेटीच्या खिशात खोल सारला.

 

"गादी पिसांची होती म्हणून सांग, पोरी. मीही तेच सांगते."